दूध पिताना बाळाच्या कपाळाला हात लावून बघा

घरात दीड ते चार महिन्यांचं बाळ असेल तर आज एवढंच करा. बाळाला पाजायला घ्या, पंखा चालू राहू दे, आणि पाच मिनिटांनी त्याच्या कपाळाला आणि मानेमागे हात लावून बघा. कोरडं लागलं तर निवांत पाजा. पण ओलं लागलं, तेही एखाद्या दिवशी नव्हे तर रोज, आणि जोडीला बाळ चार घोट घेऊन सोडतंय, धापा टाकतंय, कळवळून रडतंय, मग भुकेनं पुन्हा तोंड लावतंय, असं असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. वाचून झाल्यावर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणू नका.

बोईसरच्या उकाड्यात घाम कुणाला येत नाही? मी इथे वीसेक वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवते. मे महिन्यात वीज गेली की माझ्या टेबलावरचे केसपेपरसुद्धा ओले होतात. पण झोपेत कोरडं असणारं बाळ दूध पिताना निथळायला लागलं तर तो दोष उकाड्याचा नाही. आपल्याला जिना चढून दम लागतो, तसा बाळाला दूध ओढून लागतो. त्या वयात त्याला दुसरं कष्टाचं कामच नसतं. ते धावत नाही, ओझं उचलत नाही. हृदयात काही खोट असेल तर ती उघडी पडायला जागा एकच, आईची मांडी.

अशी दहा बाळं दाखवायला आली तर त्यातल्या बहुतेकांना काहीच झालेलं नसतं. एखाद्याच्या हृदयाला छिद्र निघतं. आणि फार म्हणजे फारच क्वचित असं बाळ येतं, ज्याच्या हृदयाला रक्त पोचवणारी डावी रक्तवाहिनी भलत्याच ठिकाणाहून निघालेली असते. मला आज तिच्याबद्दलच बोलायचंय.

हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, त्यांना कोरोनरी म्हणतात, एक उजवी, एक डावी. दोन्ही महाधमनीच्या बुडाशी उगम पावतात. महाधमनीत शुद्ध रक्त असतं आणि जोरही असतो, म्हणजे नळ मुख्य पाइपावर बसवलाय असं समजा. काही बाळांत डावी नळी महाधमनीऐवजी शेजारच्या, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीवर जोडली जाते. तिथे रक्त अशुद्ध आणि दाबही कमी. डॉक्टरी भाषेत या विकृतीला ‘अल्कापा’ म्हणतात. पुस्तकातला आकडा आहे साधारण तीन लाख जन्मांमागे एक. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाख बाळं जन्मतात, म्हणजे सगळ्या राज्यात मिळून सहा-सात. आपल्या पालघर जिल्ह्याच्या वाट्याला कित्येक वर्षांतून एखादं.

मग एवढ्या दुर्मिळ आजारासाठी एवढा लेख कशाला, असं कुणी म्हणेल. दोन कारणं आहेत. पहिलं, हा आजार वेळेत सापडला तर ऑपरेशननं बरा होतो आणि नाही सापडला तर बहुतेक बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत. मधली वाट जवळजवळ नाहीच. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. हजार बाळांत आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो आणि त्यातल्या बऱ्याच मोठ्या दोषांची घरात दिसणारी खूण हीच, पिताना घाम, दम आणि न वाढणारं वजन. तीन लाखांत एक शोधायला बसलात तर वाटेत शंभरातलं एक सापडेल. चालेल की.

आता या विकृतीची खरी खोडी सांगते. जन्मल्यावर बाळ ठणठणीत असतं. रडतं छान, रंग गुलाबी, वजन तीन किलो. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन ९८ दाखवतं. बाळ आलं म्हणून घरी पेढे वाटले जातात ते योग्यच असतं. कारण पोटात असताना आणि जन्मानंतरचे काही आठवडे फुफ्फुसाच्या धमनीतला दाब बराच असतो, त्या दाबावर डाव्या नळीचं काम कसंबसं भागतं. पुढे फुफ्फुसं मोकळी होतात तसा तो दाब उतरत जातो. निरोगी बाळात हे चांगलंच लक्षण. या बाळाच्या बाबतीत मात्र नळाचं पाणी जावं तसं होतं. एवढंच नाही, उजव्या नळीतून जे थोडंफार रक्त डावीकडे झिरपत येतं, तेही स्नायूला न मिळता उलटं वाहून फुफ्फुसाच्या धमनीत निघून जातं. वरच्या मजल्यावर पाणी चढवलंय आणि खालच्या माळ्यावर कुणी नळ उघडा ठेवलाय, अशी गत. हृदयाची डावी बाजू उपाशी पडते, ताणून मोठी होते, झडप गळायला लागते. अडीच महिन्यांच्या बाळाला हार्ट अटॅक येतो, हो, अगदी तोच, आपल्या आजोबांना येतो तो. आजोबा छातीवर हात ठेवून सांगू शकतात. बाळ फक्त स्तन सोडून किंचाळतं, आणि आपण म्हणतो, पोटात मुरडा आला.

१९३३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ब्लँड, व्हाइट आणि गारलँड या तीन डॉक्टरांनी असंच एक बाळ नोंदवून ठेवलं. म्हणून या आजाराला त्या तिघांचं नावही आहे. दहाव्या आठवड्यापर्यंत बाळ बरं होतं. मग बाटलीनं दूध पिताना त्याला अचानक कळा यायला लागल्या, चेहरा पांढरा पडायचा, घाम फुटायचा. बाळाचे वडील त्याच रुग्णालयात क्ष-किरणतज्ज्ञ होते. म्हणजे जगातल्या उत्तम डॉक्टरांचा घोळका उशाशी होता. त्यांनी ईसीजी काढला, त्यात मोठ्या माणसाच्या हार्ट अटॅकसारखी खूण दिसली, आणि तरी ते काही करू शकले नाहीत. उपायच नव्हता. बाळ गेलं, शवविच्छेदनात भलतीकडून निघालेली रक्तवाहिनी दिसली. मला या गोष्टीत एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. मशीनं काय ती नंतर आली. पण दूध पिताना कळ येते, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी नुसतं बघून लिहून ठेवलं होतं.

माझ्याकडे असं बाळ आलं तेव्हा मी ते बघितलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आवाहन करायचं तर आधी आपलं सांगावं.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. खाडीकडच्या एका गावातली मुलगी, पहिलटकरीण, नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामाला. अडीच महिन्यांचा डोस द्यायला बाळ घेऊन आली. “मॅडम, पितच नाही नीट. पितं नि सोडून रडतं.” सोबत सासू. सासूबाई म्हणाल्या, “याच्या बापाचंही असंच होतं. घामट आमच्याकडचे सगळे.” बाहेर तीस पेशंट, छत्र्यांचं पाणी जिन्यापर्यंत आलेलं. मी पोट तपासलं, थेंब लिहून दिले, ढेकर काढायची पद्धत दाखवली. घरी त्यांचं आधीच सगळं करून झालं होतं. ग्राइप वॉटर झालं, हिंगाचा लेप झाला, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. माझे थेंब त्याच रांगेतले, फक्त महाग.

आठ दिवसांनी खोकला आणि धाप घेऊन आलं. एक्सरेत डाव्या बाजूला पांढुरकं दिसलं, मी न्यूमोनिया म्हटलं, इंजेक्शनं सुरू केली. हृदय मोठं होऊन डाव्या श्वासनळीवर रेललं की तिथलं फुफ्फुस मिटतं आणि एक्सरेत अगदी न्यूमोनियासारखं दिसतं, हे मी शिकले होते. शिकलेलं आणि आठवणारं यात फरक असतो. थोडं बरं वाटलं म्हणून घरी सोडलं. वजनाचे आकडे तेव्हाच माझ्यासमोर होते, दीड महिन्याला ४ किलो १००, अडीच महिन्याला ४ किलो २००, पुढच्या खेपेला पुन्हा ४ किलो २००. या वयात बाळ दिवसाला वीस-तीस ग्रॅम चढतं, महिन्याला सहाशे ते नऊशे. इथे पाचेक आठवड्यांत शंभर ग्रॅम. कार्डावर मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.

तिसऱ्या खेपेला त्या मुलीनं काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. बाळ पितानाचा व्हिडिओ होता, मिनिटभराचासुद्धा नाही. त्याच्याकडे मी शेवटी परत येते. तो बघितल्यावर मी खुर्चीतून उठले आणि ईसीजीचं मशीन मागवलं.

लहान बाळाचा ईसीजी हे एक प्रकरणच असतं. मोठ्यांच्या चकत्या छातीवर बसत नाहीत, एकीवर एक चढतात, म्हणून कात्रीनं अर्ध्या कापून लावाव्या लागतात. बाळ लाथा झाडतं, वायर निघते, कागदावर नुसता चिखल येतो. आमच्या सिस्टरनं बाळाच्या तोंडात साखरेच्या पाण्याचं बोट दिलं तेव्हा कुठे चार ओळी सरळ आल्या. डाव्या बाजूच्या ओळींत खोल खाचा होत्या. हा कागद शे-दोनशे रुपयांत निघतो, आणि तोच मला दोन आठवडे सुचला नव्हता.

मुंबईत पाठवलं. पहिल्या टूडी इकोचा रिपोर्ट आला, ‘हृदयाचा स्नायू कमजोर, पंपिंग २५ टक्के’. कारण अज्ञात. औषधं लिहिलेली, महिन्याभरानं दाखवा. वडील म्हणाले, “मॅडम, नशिबाचाच भाग म्हणायचा.” मीही म्हणणार होते. मग माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “डावी कोरोनरी कुठून निघते ते दिसलं का?” रिपोर्टात त्याबद्दल ओळच नव्हती. लहान मुलांच्या हृदयाचा इको करणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासणी झाली. डावी नळी फुफ्फुसाच्या धमनीला लागलेली. रक्त उलटं वाहत होतं.

हा प्रश्न तुम्ही पाठ करा. कुठल्याही लहान बाळाबद्दल ‘हृदय मोठं झालंय’, ‘स्नायू कमजोर आहे’, ‘कार्डिओमायोपॅथी आहे’ असं सांगितलं गेलं की विचारायचं, “डॉक्टर, हृदयाच्या दोन्ही रक्तवाहिन्या कुठून निघतात ते दिसलं का?” यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर रागावणार नाही, उलट मशीनचा दांडा पुन्हा हातात घेईल. इकोत ही नळी महाधमनीला इतकी खेटून जाते की तिथूनच निघाल्यासारखी भासते, भल्याभल्यांना चकवते. रंगीत डॉपलर लावून रक्त कुठल्या दिशेनं जातंय ते बघितलं की चकवा उघडा पडतो. तरी शंका राहिली तर सीटी अँजिओग्राफी करतात. कमजोर स्नायूच्या इतर अनेक आजारांवर नुसती औषधं देत बसावं लागतं. यावर ऑपरेशन आहे. म्हणून दोघांत गल्लत परवडत नाही.

ऑपरेशन म्हणजे काय, तर चुकीच्या जागी लागलेली नळी तिच्या मुळाशी असलेल्या छोट्याशा चकतीसकट कापायची, महाधमनीपर्यंत आणायची आणि तिथे शिवायची. बोलायला सोपं. नळीची रुंदी वाडा कोलमच्या कच्च्या दाण्याएवढी, आणि बाळ हार्ट-लंग मशीनवर. सुरुवातीच्या काळात, १९६० च्या सुमारास, सर्जन ही नळी नुसती बांधून टाकत. रक्ताची चोरी थांबायची, पण हृदय एकाच नळीवर राहायचं. १९७४ मध्ये नळी थेट महाधमनीला जोडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि आता तीच पद्धत जगभर पहिली मानतात. नळी आखूड पडली तर जपानच्या ताकेउची यांनी १९७९ मध्ये दाखवल्याप्रमाणे धमनीच्या आतूनच बोगदा करून रक्त वळवतात. अनुभवी केंद्रांत आज बहुतेक बाळं यातून वाचतात. सगळ्यात नवल वाटतं ते पुढे. पंचवीस टक्क्यांवर आलेलं हृदय रक्त मिळायला लागल्यावर काही महिन्यांत सावरतं, झडपेची गळतीही पुष्कळदा कमी होते. उपाशी होता तो स्नायू, सगळा मेलेला नव्हता. पण ऑपरेशननंतर काही दिवस व्हेंटिलेटर, दोन-तीन आठवडे रुग्णालय, महिनोन्‌महिने औषधं आणि दर वर्षी इको, ही तयारी ठेवावी लागते. बरं वाटतंय म्हणून औषध आपल्या मनानं बंद केलेली बाळं परत धाप लागून आलेली मी बघितली आहेत.

आता आपल्या भागाबद्दल. आशाताई घरी येऊन बाळ बघतात ते तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची घरभेट थेट तिसऱ्या महिन्याला. हा आजार डोकं वर काढतो तो नेमका या दोन भेटींच्या मधे. कुणाची चूक नाही, वेळापत्रकच तसं आहे. पण या मधल्या काळात बाळ दोनदा आपल्या पायांनी, म्हणजे आईच्या पायांनी, आरोग्य केंद्रात येतंच, दीड महिन्याच्या आणि अडीच महिन्याच्या लसीला. पुढे साडेतीन महिन्यांना. माझी नर्सताईंना हात जोडून विनंती आहे. मांडीत सुई टोचायच्या आधी झबलं वर करा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्याच्यापुढच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त भरले तर ते ‘सर्दीमुळे’ म्हणून सोडू नका. वजन करा, आणि मागच्या आकड्याच्या शेजारी लिहा, म्हणजे डोळ्याला फरक दिसेल. मग आईला एकच विचारा, पिताना घाम येतो का, मधेच सोडून रडतं का. लसीच्या दिवशी रांग किती असते ते मला माहीत आहे. तरी.

आणि आयांनो, तुम्ही व्हिडिओ काढा. दवाखान्यात बाळ बिथरतं, पीत नाही, सगळीच रडतात, त्यात खूण बुडून जाते. घरात, उजेडात, बाळाचा चेहरा आणि उघडी छाती दिसेल असा, पिणं सुरू झाल्यापासून रडेपर्यंत काढा. डॉक्टर गडबडीत असले, माझ्यासारखे, तरी फोन त्यांच्या नाकासमोर धरा. बाळ निळं पडत नाही म्हणून हृदय ठीक, असं मानू नका. या आजारात ते निळं पडत नाही, पांढरं पडतं. स्टेथोस्कोप लावल्यावर हृदयातून वेगळा आवाज येत नाही म्हणून ठीक, हेही नाही. तो कधी येतो, कधी येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके), म्हणजे शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासायला येते ती गाडी, तो देशभराचा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो आपल्या पालघरातून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जन्मजात हृदयदोष या कार्यक्रमाच्या यादीत आहे, आणि दोष सापडलेल्या मुलाचं ऑपरेशन त्यातून मोफत होऊ शकतं. पण पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तुमचं बाळ गाडी येऊन गेल्यावर जन्मलं तर पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं नाही. ग्रामीण रुग्णालयात जाऊन स्वतःहून सांगा, ‘आरबीएसकेच्या डॉक्टरांना भेटायचंय’.

पैशाचं म्हणाल तर घर-होडी विकायला काढायच्या आधी चार दारं ठोठावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशनं आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन जा. जन्मदाखला अजून काढला नसेल तर आजच अर्ज टाका, ऐन वेळी ह्या एका कागदावाचून गाडी अडते. चौकशीचा फोन १५५३८८. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून तारापूरला कामाला आलेल्या भावांनो, गावचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, गावी पळायची गरज नाही. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर त्या कार्डावर बायकामुलांचाही हक्क आहे. सुपरव्हायझरला नव्हे, ईएसआयसीच्याच कचेरीत विचारा. परळचं वाडिया हे मुलांचंच रुग्णालय आहे, आणि खारघरला श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्णपणे मोफत करतात. बाळाला धाप असेल तर लोकलनं नेऊ नका. विरारला गाडी बदलताना जी चेंगराचेंगरी होते ती धडधाकट माणसाला झेपत नाही. १०८ ला फोन करा, आणि सोबत ईसीजी, एक्सरे आणि वजनाचं कार्ड ठेवा. पाठवणाऱ्या डॉक्टरांना म्हणावं, तिकडे आधी फोन करून ठेवा. हायवेला मनोरपासून वर्सोवा पुलापर्यंत गाडी कुठे आणि किती अडकेल याचा भरवसा नाही, निदान पोचल्यावर तरी ताटकळायला नको.

दोषाची गोष्ट बोलायलाच हवी, कारण असं बाळ निघालं की घरात पहिली फिर्याद सुनेवर होते. ग्रहणात बाहेर पडली, पपई खाल्ली, नऊ महिने कामाला गेली. बोईसरला अजून दोन आरोपी तयारच असतात, कंपनीचा गॅस आणि अणुकेंद्र. गॅसनं खोकला वाढतो, दमा चाळवतो, त्याबद्दल कंपन्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण ही नळी चुकते ती गर्भ दोन-अडीच महिन्यांचा होण्याच्या आत, हृदय घडत असताना. तोवर कित्येक जणींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. आईच्या कुठल्या वागण्यामुळे ती चुकते असं काही सापडलेलं नाही. साधारणपणे ती घराण्यातही चालत येत नाही. पुढचं मूल होऊ द्यावं का, असं मला बाया दाराआड विचारतात. द्या. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ही विकृती सहसा दिसत नाही, म्हणून जन्मल्यावर एक इको करून घ्या आणि निश्चिंत व्हा.

शाळेच्या मास्तरांसाठी एक गोष्ट जाता जाता. या रक्तवाहिन्यांची दुसरीही एक चूक असते. नळी निघते महाधमनीतूनच, पण चुकीच्या कप्प्यातून, आणि दोन मोठ्या धमन्यांच्या फटीतून जाते. असं मूल बारा-पंधरा वर्षांचं होईपर्यंत काहीच तक्रार करत नाही. तिसऱ्या एका चुकीचंही असंच. अमेरिकेतला नावाजलेला बास्केटबॉलपटू पीट मॅराविच दहा वर्षं व्यावसायिक सामने खेळला आणि १९८८ मध्ये चाळिसाव्या वर्षी मैदानावरच गेला. तेव्हा कळलं की त्याला डावी कोरोनरी जन्मापासून नव्हतीच. तर, प्रार्थनेला उन्हात उभं राहून चक्कर आलेली मुलगी बहुतेक उपाशीपोटी आलेली असते. पण कबड्डीत किंवा धावण्याच्या शर्यतीत, ऐन जोरात असताना कोसळलेलं मूल, किंवा पळताना छातीत दुखतं म्हणणारं मूल, पाणी पाजून परत मैदानावर सोडू नका. ईसीजी आणि इको होईपर्यंत त्याचं खेळणं बंद.

आता तो व्हिडिओ. ती मुलगी मला परवानगी देऊन गेली आहे, म्हणून आशाताईंच्या प्रशिक्षणाला बोलावलं की मी तो दाखवते. प्लॅस्टिकची खुर्ची, मागे हिरवी मच्छरदाणी, बाहेर पाऊस. बाळ जोरात ओढायला लागतं. पंधरा-वीस सेकंद सगळं छान. मग ओढणं मंदावतं, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखाली खळगा पडायला लागतो. कपाळावर मण्यांसारखे थेंब येतात. बाळ तोंड सोडतं, चेहरा पांढराफटक होतो, आणि ते किंचाळतं. भुकेचं रडणं नव्हे ते. कधी इंजिनात बोट सापडलेल्या माणसाचं ओरडणं ऐकलंय? तसं. नंतर ते गळून जातं, मान टाकतं. बायका पहिल्यांदा बघतात तेव्हा सगळ्या बाळाकडे बघत असतात. मी दुसऱ्यांदा लावते आणि म्हणते, आता नुसतं ऐका. पावसाच्या आवाजातून सासूबाईंचा आवाज येतो, मायेनं भरलेला, “बघ, पोट भरलं गं त्याचं.”